सर नारायण चंदावरकर आणि आठशे सहा स्थानबद्ध

सर नारायण गणेश चंदावरकर यांचे चरित्र सारस्वत ज्ञातीच्या स्मरणिकांतून व अंकांतून आजवर अनेक वेळा आले आहे, आणि ते बहुधा एकाच साच्यातून आले आहे. होनावर येथे जन्म, एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद, उच्च न्यायालयाचे न्यायासन, विद्यापीठाचे कुलगुरुपद, सर ही पदवी, आणि अखेरीस मुंबई कायदे कौन्सिलाचे अध्यक्षपद, अशी ही मालिका आपल्यातील शाळकरी मुलांनाही पाठ असावी. ती खरी आहे, व तिचा अभिमान बाळगण्यास कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही. तथापि या मालिकेत एक दुवा नेहमी गाळला जातो. १९१८ साली सर नारायण यांनी बंगालमधील स्थानबद्धांचे आठशे सहा कागद तपासले, त्यांवर आपला अभिप्राय दिला, आणि तो अभिप्राय पुढे मध्यवर्ती कायदेमंडळातील एका मोठ्या वादात सरकारपक्षाच्या हाती पडला. ज्यांच्याविषयी ज्ञातीला आदर आहे त्यांच्या आयुष्यातील अवघड पानही ज्ञातीनेच वाचले पाहिजे, असे आम्हांस वाटते. म्हणून बाकीचे चरित्र आम्ही थोडक्यात आटोपून या एका प्रकरणावर अधिक थांबणार आहोत.

त्यांचा जन्म २ डिसेंबर १८५५ रोजी शरावती नदीच्या मुखाशी वसलेल्या होनावर गावी झाला. उत्तर कानडा जिल्हा त्या वेळी मद्रास इलाख्यात मोडत असे. १८६२ साली तो मुंबई इलाख्यास जोडला गेला. या फेरबदलाचा आपल्या ज्ञातीच्या इतिहासावर किती परिणाम झाला याचा विचार फारसा कोणी करीत नाही. कारवार, कुमठे, होनावर या भागांतील हुशार मुलांची दृष्टी त्यानंतर मद्रासकडून मुंबईकडे वळली. घरात कोंकणी व बाजारात कन्नड असलेल्या त्या मुलखातून आलेला हा तरुण मुंबईत मराठी व इंग्रजीत निष्णात झाला, एल्फिन्स्टन कॉलेजात दक्षिणा फेलो झाला आणि १८८१ साली कायद्याची पदवी घेऊन वकिलीस लागला. मराठीवरील या प्रभुत्वाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. पुढे एका खटल्यात त्याला विलक्षण महत्त्व आले.

वकिलीबरोबर त्यांनी इंदुप्रकाश पत्राच्या इंग्रजी विभागाचे संपादनही केले. १८८५ साली विलायतेत सार्वत्रिक निवडणुका व्हावयाच्या होत्या. तेथील मतदारांपुढे हिंदुस्थानची गाऱ्हाणी मांडण्यासाठी तीन इलाख्यांतून तीन प्रतिनिधी पाठविण्यात आले: बंगालमधून मनमोहन घोष, मद्रासेहून सेलम रामस्वामी मुदलियार आणि मुंबईहून चंदावरकर. वय अवघे तिशीच्या आतले. समुद्रपर्यटन हाच ज्या काळी ज्ञातीत वादाचा विषय होता त्या काळी त्यांनी ही कामगिरी पत्करली. ते परतले तेव्हा डिसेंबर संपत आला होता आणि मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरत होते. पंधरा वर्षांनी, १९०० साली, लाहोर येथे भरलेल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती रानडे यांचे देहावसान झाले, आणि उच्च न्यायालयातील जागा, प्रार्थना समाजाचे नेतृत्व व सामाजिक परिषदेची धुरा अशा रानड्यांच्या तिन्ही वारशांचा भार त्याच वर्षी चंदावरकरांच्या खांद्यावर आला. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली, तिचे अध्यक्षही तेच होते. कुलगुरुपद १९०९ साली व सर ही पदवी १९१० साली मिळाली. त्यांचे चिरंजीव सर विठ्ठल हेही पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पितापुत्रांनी एकाच आसनावर बसण्याचा हा योग क्वचितच जुळून येतो.

आता न्यायासनाकडे वळू. नाशिकचे गणेश दामोदर सावरकर यांना काही मराठी कविता प्रसिद्ध केल्याबद्दल १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यावरील अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकर व न्यायमूर्ती हीटन यांच्यापुढे आले. कवितांत पुराणातील देव व दैत्य आले होते. त्यांच्या आडून कवीला कोण अभिप्रेत आहे हा प्रश्न होता. हीटनसाहेबांना हे काव्य भाषांतरावाचून कळणे शक्य नव्हते. मराठीचा मर्म जाणणारे न्यायमूर्ती चंदावरकरच होते, आणि त्यांनी या कवितांचा जो अर्थ लावला त्यावर शिक्षा कायम झाली. पुढे नाशिक कटाच्या खटल्यासाठी जे विशेष न्यायासन बसले त्यात सर बेसिल स्कॉट व हीटन यांच्यासह तेही होते. या न्यायासनाने २४ डिसेंबर १९१० रोजी विनायक दामोदर सावरकर यांना जन्मठेप सुनावली. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत चंदावरकरांचे नाव या दोन निकालांमुळे अप्रिय झाले, आणि ते का झाले हे समजण्यास फार खोल जावे लागत नाही. तरीही येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. या दोन्ही प्रसंगी आरोप उघड होता, पुरावा उघड होता, आरोपीस वकील होता, आणि निकालाची कारणे छापून सर्वांपुढे ठेवली गेली. तो निकाल ज्याला चुकीचा वाटेल त्याला तो चुकीचा का, हे दाखविता येत होते. १९१८ सालच्या कामात यांपैकी काहीच नव्हते.

खटल्यावाचून माणसास कोंडून ठेवण्याची विद्या इंग्रजांनी या देशात जुन्या काळापासून जोपासली होती. बंगालचा १८१८ सालचा तिसरा नियम व मुंबईचा १८२७ सालचा पंचविसावा नियम ही तिची मूळ शस्त्रे होत. संस्थानिक, बंडखोर जमीनदार इत्यादिकांसाठी ती घडविली गेली. या नियमांखाली पकडलेल्या मनुष्यास राजबंदी म्हणत. त्याच्यावर आरोप ठेवावा लागत नसे, मुदत सांगावी लागत नसे, कोर्टापुढे उभे करावे लागत नसे. रँडच्या वधानंतर १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना याच मुंबईच्या नियमाखाली अटकेत टाकले आणि दोन वर्षांनी सोडले. त्यांचा अपराध कोणता होता हे सरकारने शेवटपर्यंत सिद्ध केले नाही. १९०७ साली लाला लजपतराय मंडाले येथे गेले ते १८१८ च्या नियमाखाली. महायुद्ध सुरू झाल्यावर १९१५ च्या मार्चमध्ये हिंदुस्थान संरक्षण कायदा आला व ही सत्ता प्रांतिक सरकारांच्या हाती सढळपणे पडली. बंगालमध्ये शेकडो तरुण या कायद्याने स्थानबद्ध झाले. कोणी तुरुंगात, कोणी दूरच्या खेड्यात पोलिसांच्या नजरेखाली. १९१७ च्या जूनमध्ये अ‍ॅनी बेझंट यांना उटकमंड येथे स्थानबद्ध करण्यात आले तेव्हा मात्र देशभर एवढा गदारोळ झाला की सप्टेंबरात त्यांना सोडावे लागले. बंगाली पोरांसाठी तसा गदारोळ कोण करणार? त्यांची नावेही बाहेरच्या जगास ठाऊक नव्हती.

तक्रारी वाढल्या तेव्हा सरकारने १९१८ साली दोन न्यायाधीशांकडे या सर्वांचे कागद सोपविले. एक कलकत्ता उच्च न्यायालयाचे बीचक्रॉफ्ट व दुसरे आपले सर नारायण. ही निवड हुशारीची होती असेच म्हटले पाहिजे. बीचक्रॉफ्ट म्हणजे ज्यांच्यापुढे १९०८-०९ साली अलीपूर बाँबचा खटला चालला ते न्यायाधीश. केंब्रिजमध्ये अरविंद घोष त्यांचे समकालीन विद्यार्थी होते; तोच विद्यार्थी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, आणि बीचक्रॉफ्ट यांनी पुरावा पाहून त्यास दोषमुक्त केले. अशा न्यायाधीशाला पक्षपाती कोण म्हणेल? आणि राष्ट्रीय सभेच्या माजी अध्यक्षाला सरकारचा हस्तक कोण म्हणेल?

त्या दोघांपुढे एकूण आठशे सहा प्रकरणे आली: सातशे दोन संरक्षण कायद्याखालील, शंभर १८१८ च्या नियमाखालील व चार हिंदुस्थानात प्रवेशासंबंधीच्या वटहुकमाखालील. कामकाज बंद दाराआड चालले. स्थानबद्धांच्या वतीने कोणी वकील उभा राहिला नाही, आणि ज्या खबऱ्यांच्या सांगण्यावरून ही माणसे पकडली गेली त्या खबऱ्यांची उलटतपासणी झाली नाही. पोलिसांची टिपणे, कबुलीजबाब, इतर आरोपींच्या जबानीतले उल्लेख, असे साहित्य समोर ठेवून अभिप्राय द्यावयाचा होता. सर्व प्रकरणे तपासून समितीने सहा जणांना सोडावे अशी शिफारस केली. उरलेल्या आठशेंच्या बाबतीत सरकारची कारवाई सकारण ठरली.

या आकड्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. पोलिसांच्या हातून आठशेंमध्ये सहाच चुका व्हाव्यात, एवढे दक्ष पोलीसखाते जगाच्या पाठीवर कोठे असेल? न्यायाधीश अप्रामाणिक होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही; दोघांच्याही सचोटीबद्दल शंका घेण्यास जागा नाही. परंतु बीचक्रॉफ्ट यांनी अलीपुरास अरविंदबाबूंना सोडले ते काही अंतःस्फूर्तीने नव्हे. चित्तरंजन दास यांनी तेथे सरकारच्या साक्षीदारांना उलटसुलट तपासले, कागदांतील विसंगती बाहेर काढल्या, आणि मग न्यायाधीशास सत्य दिसले. तोच न्यायाधीश, तीच बुद्धी. पण समोर केवळ एका बाजूची फाइल. फाइल लिहिणाऱ्याने जे लिहिले नाही ते वाचणाऱ्यास कोठून दिसणार? चंदावरकरांसारख्या कसलेल्या न्यायमूर्तीला हे कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. मग त्यांनी हे काम का पत्करले? आमचा तर्क असा की, आपण नाकारले तर हे कागद कोणीच तपासणार नाही आणि सहा जणसुद्धा सुटणार नाहीत, असा विचार त्यांनी केला असावा. नेमस्त पंथाचा सारा पिंडच असा होता. जे दार थोडे किलकिले आहे त्यातून आत शिरावे, बंद दारावर डोके आपटू नये. त्या सहा घरांत त्यांचे नाव कसे घेतले गेले असेल याचाही विसर पडू नये. पण न्यायाधीशाच्या सहीचे मोल उरलेल्या आठशे प्रकरणांवरही उमटले, आणि सरकारला पाहिजे होते ते तेच.

त्याच सुमारास न्यायमूर्ती रौलट यांची समिती राजद्रोही कटांचा विचार करीत होती. युद्ध संपल्यावर संरक्षण कायद्याची मुदत सरणार होती. त्याच्या जागी काय आणावे हा प्रश्न होता. रौलट समितीच्या शिफारशींवरून अराजक व क्रांतिकारक गुन्ह्यांसंबंधीचे विधेयक तयार झाले आणि ६ फेब्रुवारी १९१९ रोजी गृहसदस्य सर विल्यम व्हिन्सेंट यांनी ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. त्याच्या एका भागाने तीन न्यायाधीशांपुढे झटपट खटला चालवावयाचा व त्यावर अपील नाही. दुसऱ्या भागाने संशयितास जामीन द्यावयास लावणे, ठराविक जागी राहावयास व पोलिसांत हजेरी द्यावयास लावणे. तिसऱ्या भागाने पकडून कोंडून ठेवणे. मात्र शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना ठेवतात त्या जागेत नव्हे, एवढी सवलत. आणि या स्थानबद्धतेची चौकशी कोणी करावयाची? तीन जणांच्या एका मंडळाने: त्यांतील दोघे न्यायखात्यात अधिकारावर राहिलेले व एक सरकारी नोकरीबाहेरचा. बैठक बंद दाराआड, वकिलाला मज्जाव, पुराव्याच्या कायद्याचे बंधन नाही. बीचक्रॉफ्ट-चंदावरकर समितीशी या मंडळाचे साम्य कोणाच्याही नजरेत भरण्याजोगे आहे. युद्धाच्या आपत्तीत एकदा केलेली तडजोड शांततेच्या काळात कायद्याचे कलम होऊ पाहत होती.

कायदेमंडळातील वादविवाद अविस्मरणीय झाला. निर्वाचित हिंदी सभासदांचे एरवी एकमेकांशी पटत नसे, पण या विधेयकावर ते एक झाले. विठ्ठलभाई पटेल, मदनमोहन मालवीय, श्रीनिवास शास्त्री, महंमद अली जिना, तेजबहादूर सप्रू, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे, ही सर्व मंडळी विरोधात उभी राहिली. सरकारपक्षाचे म्हणणे होते की कार्यकारी अधिकाऱ्यांनी ही सत्ता जपून वापरली आहे, आणि दोन न्यायाधीशांनी, त्यांतही एका हिंदी न्यायाधीशाने, तपासून तसा निर्वाळा दिला आहे. या युक्तिवादाला उत्तर देणे विरोधकांना सोपे नव्हते. सर नारायण हे त्यांपैकी अनेकांचे जुने सहकारी होते. जिनांनी व्यक्तीवर न जाता तत्त्वावर बोट ठेवले: उघड न्यायचौकशीवाचून कोणाचेही स्वातंत्र्य हिरावता कामा नये, आणि कार्यकारी सत्तेने न्यायासनाची जागा घेऊ नये. शास्त्रीबुवा स्वतः नेमस्त, चंदावरकरांच्याच पठडीतले. पण त्यांनी सांगितले की वाईट कायदा केवळ वाईट माणसांवरच चालतो असे नाही, त्याच्या भीतीने निरपराधीही मान वर करीनासा होतो. मालवीयजींचे भाषण तर तासन्‌तास चालले. आमच्या मते शास्त्रीबुवांचे भाषण या साऱ्यांत श्रेष्ठ, कारण त्यांना सरकारविषयी द्वेष नव्हता आणि तरीही ते बोलले.

उपयोग काय? कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत कायद्यानेच बांधलेले होते. १८ मार्च १९१९ रोजी पस्तीस विरुद्ध वीस मतांनी विधेयक संमत झाले. तीन वर्षांची मुदत घालण्यापुरती सरकारने माघार घेतली. निर्वाचित हिंदी सभासदांपैकी एकानेही अनुकूल मत दिले नाही. जिना, मालवीय व मजहरुल हक यांनी राजीनामे दिले. पुढे एप्रिलमध्ये हरताळ, पंजाबातील दडपशाही आणि १३ एप्रिल रोजी अमृतसर येथे झालेली कत्तल हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, ज्या कायद्यासाठी एवढे रक्त सांडले तो कायदा प्रत्यक्षात एकदाही वापरला गेला नाही.

सर नारायण त्या वेळी मध्यवर्ती कायदेमंडळात नव्हते. परंतु १९२० साली जालियनवाला बागेसंबंधीच्या हंटर समितीच्या अहवालाचा निषेध करण्यासाठी मुंबईत जी जाहीर सभा भरली तिचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले, आणि तेथे गांधीजींनी ठराव मांडला. पासष्टीच्या घरात आलेल्या, सरकारची पदवी मिरविणाऱ्या माजी न्यायमूर्तीने हे करणे लहान गोष्ट नव्हती. थोड्याच आठवड्यांत ते असहकारितेच्या विरुद्ध एका जाहीर पत्रकावर सही करून गांधीजींच्या समोर उभे ठाकले व गांधीजींनी आपल्या साप्ताहिकातून त्यांना उत्तर दिले. एका उन्हाळ्यात एका व्यासपीठावर, पावसाळ्यात विरुद्ध बाजूंस. यात विसंगती पाहणारे पाहोत. आम्हांस तर १८८५ साली विलायतेस गेलेला तोच मनुष्य दिसतो. अन्याय उघड झाला की त्याचा निषेध करावा, पण राज्ययंत्रणेचा हात सोडू नये, ही त्याची आयुष्यभराची रीत. १९१८ साली अन्याय उघड झाला नव्हता, फाइलीत बांधलेला होता. आणि त्या रीतीत फाइलीतल्या अन्यायाला ओळखण्याचे साधन नव्हते.

ही रीत इंग्रजांबरोबर गेली असे मात्र कोणी समजू नये. १९४९ साली घटनासमितीत प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कलमावर पुन्हा कडाक्याचा वाद झाला आणि त्यातून बाविसावे अनुच्छेद सिद्ध झाले. तीन महिन्यांहून अधिक काळ कोणास कोंडून ठेवावयाचे तर न्यायाधीश असलेल्या, होऊन गेलेल्या किंवा होण्यास पात्र असलेल्या व्यक्तींच्या सल्लागार मंडळाने पुरेसे कारण असल्याचा अभिप्राय दिला पाहिजे, अशी त्यात तरतूद आहे. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आजही अशी मंडळे बसतात, आणि स्थानबद्धास त्यांच्यापुढे वकील देण्याचा हक्क नाही. आपल्या ज्ञातीतील कायदेपंडित यांपैकी एखाद्या मंडळावर नेमले जाणे अशक्य नाही. त्यांच्यापुढे फाइल येईल ती एका बाजूनेच लिहिलेली असेल.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार १९२१ साली मुंबईचे नवे कायदे कौन्सिल अस्तित्वात आले व सर नारायण त्याचे पहिले अध्यक्ष झाले. लोकनियुक्त सभासदांचे बहुमत असलेल्या सभागृहात वाद कसा चालवावा, याचे पहिले धडे मुंबई इलाख्याने त्यांच्या देखरेखीखाली गिरविले. इकडे मध्यवर्ती सरकारने तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली दडपशाहीच्या कायद्यांचा फेरविचार करण्यासाठी समिती नेमली होती. तिच्या शिफारशीवरून १९२२ साली रौलट कायदा पुस्तकातून काढून टाकण्यात आला. १८१८ चा नियम सरहद्दीवरील प्रकरणांसाठी हवा म्हणून राखून ठेवला. १४ मे १९२३ रोजी बंगलोर येथे, अध्यक्षपदावर असतानाच, सर नारायण यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९२४ रोजी, सुभाषचंद्र बसू यांना कलकत्त्यात त्या राखून ठेवलेल्या नियमाखाली पकडण्यात आले, आणि तेथून त्यांना मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले.